उधाणाच्या दिवसांतल्या सत्तावीस खेपा

हे लिहायला बसले त्याला आज तिसरा दिवस. दर दहा मिनिटांनी उठते. एकदा गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघून आले, एकदा उगाच नळ उघडून बंद केला, आणि शेजारच्या बिल्डिंगचा पंप सुरू झाला तेव्हा तर पेन खाली ठेवून खिडकीत जाऊन उभी राहिले. सून म्हणते, आई, आता कुणाची टाकी भरायचीय तुम्हाला? कुणाचीच नाही. धंदा बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण ज्या बाईने पंधरा-सोळा वर्षं पाणी कुठून आणायचं एवढाच विचार केला, तिला पंपाचा आवाज ऐकून स्वस्थ बसवत नाही. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या कामाविषयी लिहा, लोकांना ते माहीत नाही. नसणारच. लोकांना दिसायचं ते मशीन, आणि मशीन चालवणारा माझा नवरा.

आमचं काम इमारती धुण्याचं. वसई-विरारची हवा दमट. चार पावसाळे गेले की भिंतीवर काळं शेवाळ चढतं. त्याच्यावरच रंग मारला तर वर्षभरात पापुद्रे निघतात, म्हणून रंगाच्या आधी भिंत धुवावी लागते. पूर्वी रंगारी तारेच्या ब्रशने घासत बसायचे. आमचे हे अंधेरीला गाड्यांच्या एका सर्व्हिस स्टेशनात फिटर होते. तिथल्या मालकाने जुनं प्रेशर मशीन भंगारात काढलं, ते ह्यांनी घरी आणलं, महिनाभर त्याच्याशी झटापट केली आणि चालू केलं. नव्वदीची सुरुवात असेल. विरारला रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि पाच वर्षांपूर्वीची काळी पडत होती. धार एवढ्या जोराची की शेवाळ सालासारखं सोलून निघायचं. बांबूच्या परांचीवर उभं राहून ह्यांनी धार फिरवली की खाली बघ्यांची गर्दी.

पण मशीन पाणी बनवत नाही, पाणी पितं. मिनिटाला बादलीभर. आणि एकदा सुरू केलं की मध्येच पाणी तुटून चालत नाही. पंपाने पाण्याऐवजी हवा ओढली की आतले वॉशर जळतात, मग सगळं उघडून बसा. म्हणून टेम्पोवर हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या, आणि इमारतीच्या पायथ्याशी आणखी दोन. खालच्या रिकाम्या व्हायच्या आत टेम्पोवरच्या भरून यायला हव्यात. एवढं साधं गणित. ते जुळवायचं काम माझं होतं. हे परांचीवरून ओरडायचे, "पाणी किती राहिलं?" आणि मी खालून टाकीवर थाप मारून आवाजावरून सांगायचे. माझ्या पायाला सदा भिंगरी. जेवायला बसले तरी कान टेम्पोकडे. मला एका जागी बसलेलं आमच्या मुलाने लहानपणी पाहिलेलंच नाही, असं तो आजही म्हणतो, आणि त्याचं खोटं नाही.

सुरुवातीला वाटायचं, ज्याची इमारत त्याचं पाणी. तो गैरसमज नालासोपाऱ्यात फिटला. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने छातीठोकपणे सांगितलं होतं, आमची टाकी भरलेली आहे, खुशाल पाइप टाका. पाइप टाकून दोन मिनिटं झाली नसतील, तिसऱ्या मजल्यावरची एक बाई खाली आली आणि पाइपवर पाय देऊन उभी राहिली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, की नळ तीन दिवसांआड येतो, पोरांना परवापासून अंघोळ नाही, आणि तुम्ही भिंतीला अंघोळ घालताय. सेक्रेटरी तिला नियम सांगायला लागला. मी त्याला म्हटलं, तुम्ही गप्प बसा, आणि स्वतः पाइप बाहेर ओढला. त्या दिवसापासून ठरवलं, गिऱ्हाइकाच्या पाण्याला हात लावायचा नाही. आपलं पाणी आपण आणायचं.

आणायचं कुठून? चंदनसारच्या बाजूला एकाने बोअरवेल मारली होती, त्याच्याकडून भरायला लागलो. पाणी दिसायला काचेसारखं. त्या पाण्याने एक बिल्डिंग धुतली, आणि वाळल्यावर भिंतीवर पांढरी पुटं आली, पापडावर येतात तशी. मीठ होतं ते. रंग लावला तो पुढच्या पावसाळ्यात ढपल्या-ढपल्यांनी गळून पडला आणि मशीनच्या पंपाला आतून गंज चढला. त्या माणसाला जाब विचारला तर म्हणतो, तुम्ही चव का नाही घेतली? राग आला, पण बोलला ते बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक खेपेचं पाणी ओंजळीत घेऊन मी आधी जिभेला लावायचे. खारं, मचूळ, गोडं, सगळं एका घोटात कळायला लागलं. पेंटर लोक चेष्टा करायचे की वहिनी पाणी नाही, सरबत तपासतायत. करू देत.

अशी चव घेत हिंडताना मला इनासकाका भेटले.

बोळिंजच्या पश्चिमेला समुद्राच्या अंगाला जुन्या ख्रिस्ती लोकांच्या वाड्या आहेत. वाडी म्हणजे बाग: केळी, नारळ, मोगरा, आणि इनासकाकांकडे पानवेल. त्या सगळ्याला पाणी बावखलाचं. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा पसरट आणि तळ्यापेक्षा खोल असा खड्डा, पूर्वजांनी हाताने खणलेला, पावसाचं पाणी धरून ठेवणारा. काकांच्या बावखलाचं पाणी मी चाखलं आणि माझं मीच हसले. आमचं माहेर साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं, तिथं असं पाणी देवाला घालायला जपून ठेवतात.

काकांची सत्तरी उलटलेली. कमरेला पंचा, अंगात बनियन, गळ्यात क्रूसाची माळ. मी मोबदल्याचं बोलायला लागले तर हाताने थांबवलं. म्हणाले, "बाय, पानी आमी विकत नाय. तुला पायजे तर ने." त्याच्या बदल्यात नाताळच्या आधी त्यांचं अंगण, घराची कौलं आणि वळणावरचा गावाचा क्रूस आम्ही धुऊन द्यायचा, असं ठरलं. आणि दोन नियम. बावखलात उतरताना डाव्या हाताला एक काळा दगड होता, त्याचं डोकं उघडं पडलं की पंप बंद. आणि दुसरा, अवसेला आणि पुनवेला पंप लावायचा नाही. त्याच्या दोन दिवस आधी नाही, दोन दिवस नंतर नाही.

मी विचारलं, का? काका म्हणाले, "उधानाचं पानी खोटं असतं."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. गळ्यात क्रूस घालणारा माणूस अमावास्या पाळतो म्हणजे काय. मी जुन्या मॅट्रिकची, त्याचा मला तोरा होता. आणि खोटं पाणी ही काय भानगड? आमच्याकडे विहिरीत पाणी असतं किंवा नसतं, खोटं पाणी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा श्रद्धाळू आहे, आपण मान ठेवायचा, एवढाच अर्थ मी घेतला. तेवढे दिवस मी टेम्पोच्या दुरुस्तीला, गाळण्या साफ करायला, उधारी मागायला ठेवायचे. नियम पाळला, पण समजून नाही पाळला. सहा वर्षं पाळला.

समजलं ते फार उशिरा, म्हणून वाचणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं आणि खाली समुद्राचं खारं पाणी असतं, दुधावर साय असते तसं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण आलं की खालचं खारं पाणी वर रेटतं आणि गोड्या पाण्यालाही वर उचलतं. बावखलात पाणी वाढलेलं दिसतं, दगड बुडालेला राहतो. पण वाढलेलं काही नसतं. त्या दिवसांत जोराने उपसा केला की साय निघून जाते आणि खालचं वर येतं. काकांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांच्या भाषेत त्याला खोटं पाणी म्हणत, आणि त्याहून नेमका शब्द मला अजून सुचलेला नाही.

आता त्या मे महिन्याकडे येते. इथपर्यंत लिहून काल मी दिवसभर कागदाला हात लावला नाही.

बोळिंजला तीन विंगांच्या मोठ्या सोसायटीचं काम मिळालं होतं. पेंटर नवा, मोठ्या कामांचा. हे काम वेळेत झालं तर वर्षभराचं सगळं धुण्याचं काम तुम्हालाच, असं त्याने ह्यांना सांगितलं होतं. त्याच सुमारास ह्यांचा उजवा खांदा दुखायला लागला होता. जोराची धार धरून ठेवायला खांद्यात ताकद लागते. डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस हे चालणार नाही. मोठं काम आलं तर दोन माणसं ठेवता येतील, ह्यांना परांचीवरून खाली उतरवता येईल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मे संपत आलेला, आभाळ भरून यायला लागलेलं. शेवटची विंग धुवायची राहिली होती. पाऊस पडला की परांची उतरणार, रंग पुढच्या वर्षावर जाणार आणि पेंटर दुसरा कोणीतरी बघणार. आणि नेमकी मध्ये अमावास्या.

टँकरला विचारलं. टँकर मे महिन्यात पिण्यासाठी मिळत नव्हते, भिंतीसाठी कोण देतो. दोन दिवस मी वेड्यासारखी फिरले. तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन काकांच्या वाडीवर गेले.

काका घरी नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत लेकीकडे गेले होते, आठ-दहा दिवस येणार नव्हते. त्यांचा मुलगा गल्फमध्ये. घरात सून रोझी एकटी. शाळेत शिक्षिका, शांत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. मी पंपाची वायर उलगडायला लागले तशी ती ओट्यावर आली.

"ताई, परवा अवस आहे ना? बाबांना विचारलंत?"

आणि मी म्हणाले, "हो. फोनवर बोलले मी त्यांच्याशी."

एवढंच. विचार करून बोलले असते तर कदाचित बोललेच नसते. पण टेम्पो उभा, मशीन उभं, आभाळ भरलेलं, आणि तोंडातून ते इतक्या सहज निघालं की मलाच खरं वाटलं. रोझीने मान डोलावली आणि पंपाची कळ स्वतः आत जाऊन चालू केली.

चार दिवस पाणी काढलं. एरवी दिवसाला तीन खेपा, त्या चार दिवसांत सत्तावीस. मी बावखलाच्या काठावरून हलले नाही. दगडावर नजर ठेवून होते, आणि दगड बुडालेलाच. सकाळी बघावं तर पाणी कालच्यापेक्षा बोटभर वरच. मनात म्हटलं, बघा, काही होत नाही. उगाच सहा वर्षं महिन्याचे दहा-दहा दिवस बसून घालवले. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पंचविसाव्या खेपेचं पाणी ओंजळीत घेतलं. जिभेला काहीतरी लागलं. खारट म्हणण्याइतकं नाही. चूळ भरून पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माझ्या जिभेने चूक केली असती तर आज मी एवढी अस्वस्थ झाले नसते. तिने चूक केली नाही. तिने सांगितलं आणि मी ऐकलं नाही. मघाशी खाल्लेल्या लोणच्याची चव असेल, असं स्वतःला सांगितलं. विंगेची मागची एक पट्टी राहिली होती, दोन खेपा पुरणार होत्या. त्या दोन खेपा मी चव न घेता भरल्या.

काम झालं. रंग लागला. पेंटर खूश, हे खूश. पाऊस काही आला नाही, आठवडाभर नुसता घाम. म्हणजे थांबले असते तरी चाललं असतं, हा विचार तर आजही माझं डोकं खातो.

नंतर एक दिवस रोझीचा फोन आला. आवाज कोरडा. म्हणाली, बाबा आलेत. बावखलाचं पाणी खारं झालंय. बाबांनी तुम्हाला लगेच कळवायला सांगितलं, की इथलं पाणी भरू नका, तुमचं मशीन खराब होईल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पानवेलीचं काय, म्हणून विचारलं. शेंडे करपायला लागलेत, म्हणाली. मोगऱ्याची पानं पिवळी पडलीत. प्यायचं पाणी शेजारून आणतोय. मग तिने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही बाबांशी बोलला होतात ना?" मी काहीतरी पुटपुटले, दारावर कोणी आलंय म्हटलं आणि फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं.

पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. कामं काढत राहिले. नसलेली कामं काढली. टेम्पोच्या टाक्या आतून दोनदा घासल्या. हे म्हणाले, अगं काय झालंय तुला, रात्री झोपेत पण हातपाय हलवतेस. सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, जा आणि सांगून ये. सोपं होतं त्यांना म्हणायला. पण बरोबर होतं.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट कानावर आली आणि तिने मला घरातून उठवलंच. काकांच्या वाडीपासून दोन वाड्या सोडून बावतीस नावाचा माणूस राहायचा, काकांचा लहानपणापासूनचा सोबती. बावतीस आपल्या बावखलातून टँकरवाल्यांना पाणी देत असे. त्या काळात नव्या बिल्डिंगांसाठी विहिरी उपसणाऱ्या टँकरवरून वाड्यांमधून आधीच रान पेटलेलं होतं, लोक चिडलेले होते, आणि त्यांना चिडायला कारणही होतं. इनासकाकांचं पाणी खारं झालं म्हटल्यावर सगळ्यांनी बोट बावतीसकडे दाखवलं. मागच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर देवळाच्या आवारात, ते लोक चर्चला देऊळच म्हणत, काकांनी सगळ्या गावासमोर त्याला सांगितलं की आजपासून तू माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. सत्तर वर्षांची दोस्ती. बावतीस नाही-नाही म्हणत राहिला आणि कोणी ऐकून घेतलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. काका ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड काळा चष्मा. आवाजावरून ओळखलं. बस म्हणाले. मी बसले नाही. पानवेलीचे वाफे तिथून दिसत होते. हिरवे असायचे ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचे झाले होते. रोझी आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

काका बावतीसविषयी बोलायला लागले. मग म्हणाले, "लोक तुझं पन नाव घेत होते, बाय. मी त्यांना सांगितलं, ती अवस पालते. आपल्या पोरांपेक्षा जास्त पालते."

मी रोझीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला केव्हाच कळलं होतं. सासऱ्याला ‘ताईंचा फोन आला होता का’ हा एक प्रश्न विचारला असता तर तिची सुटका झाली असती, पण तो तिने विचारला नव्हता. का नाही विचारला, हे मी तिला नंतरही कधी विचारू शकले नाही. कळ तिनेच दाबली होती, म्हणून असेल.

मग मी सांगितलं. उभ्या-उभ्याच, एका दमात. ऑपरेशनचे दिवस, खोटा फोन, दगड, चौथ्या दिवसाची चव, सगळं. रडले वगैरे नाही, मला रडायला येत नाही. मला वाटलं होतं काका ओरडतील, निघ म्हणतील. ते ओट्याच्या कडेवर बोटाने काहीतरी आखत राहिले.

"किती खेपा?"

"सत्तावीस."

"टेम्पोच्या का टँकरच्या?"

"टेम्पोच्या. दोन-दोन हजार लिटरच्या."

ते मनाशी काहीतरी मोजत राहिले. रागावलेला माणूस असं मोजत नाही. वाडी करणारा मोजतो. मग म्हणाले, "तीन पावसाले लागतील."

त्यांचं गणित चुकलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बावखलाचं पाणी पुन्हा गोडं झालं. पण काका दुसऱ्या पावसाळ्यातच गेले. पानवेल त्यांनी पुन्हा लावली नाही. मधल्या दोन उन्हाळ्यांत केळी आणि मोगरा जगवायला आमचा टेम्पो आठवड्यातून तीनदा लांबून गोडं पाणी भरून त्यांच्या वाडीत रिकामा करत होता. ते पाणी मी प्रत्येक खेपेला चाखून नेलं. काका एकदाही नको म्हणाले नाहीत, आणि एकदाही बरं केलंस म्हणाले नाहीत. पेंटरचं वर्षभराचं काम मिळालं आणि ह्यांचा खांदा वाचला, हेही खरंच आहे. ते कुणाला सांगताना माझी जीभ अडखळते.

पण त्या सकाळचं अजून संपलेलं नाही. मी निघाले तेव्हा काका म्हणाले, रविवारी मिस्सा झाल्यावर देवळापाशी ये. मी जिथं बावतीसला बोललो, तिथंच मला त्याची माफी मागायला पायजे. तू ये फक्त.

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवारात पाऊल टाकलं. आमच्या हातून नाताळाच्या आधी धुतला जाणारा क्रूस बाहेरच्या वळणावर, आत कधी गेलेच नव्हते. कडेला गुलमोहराखाली डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. हे बरोबर येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. मिस्सा संपली, लोक बाहेर आले. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पोरं मध्ये धावतायत. रोझीच्या हाताला धरून काका पायरी उतरले आणि मोठ्याने बावतीसचं नाव घेतलं. आवार शांत झालं. बावतीस पाच पावलांवर थांबला. जवळ यायला तयार नव्हता.

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "बावतीस, मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. पानी तू नाय ओढलं. मी घरी नव्हतो, तेव्हा माझ्याच बावखलातून माझ्याच माणसानं उपसलं. मला माफ कर."

माझंच माणूस, असं ते म्हणाले. मला ते ऐकू आलं आणि मी तिथल्या तिथे विरघळले. माझं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं हे उघड होतं. मी नुसतं उभं राहायचं, तेवढीच माझी शिक्षा होती. एवढी स्वस्त शिक्षा मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

मग मी लोकांकडे पाहिलं. काका घरी नव्हते तेव्हा घरात त्यांचं माणूस कोण होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. एकेक करून सगळ्या माना रोझीकडे वळल्या. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. बावतीसही तिच्याकडे बघत होता. रोझीने काकांचा हात सोडला नाही आणि वर बघितलं नाही. ती बोलणार नव्हती. काळ्या चष्म्यामुळे काकांना यातलं काही दिसत नव्हतं, आपण सगळं नीट केलं असं समजून ते टोपी पुन्हा डोक्यावर घालत होते. त्या आवारात हे बघणारी मी एकटी होते.

मी पदर खांद्यावर घेतला आणि मध्ये जाऊन उभी राहिले.

"रोझी नाही," मी म्हणाले. "मी. तिला खोटं सांगून मी पंप लावला."

एकेक करून सगळ्या माना रोझीवरून माझ्याकडे वळल्या.